एक्स-रे पास, तरी जोड का फुटला?

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या कोजन (वीजनिर्मितीच्या) बॉयलरची वाफ ५४० अंशांवर असते. सुपरहीटरमध्ये (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांत) टी-२२ या कमी क्रोमियमच्या पोलादाची नळी ३४७एच स्टेनलेसला जोडलेली आहे. तीन हंगामांपूर्वी गळती झाली तेव्हा ३०९ या स्टेनलेस वेल्डिंग रॉडने जोड मारला. एक्स-रे पास होता. यंदा तोच जोड काठाला फुटला. वेल्डर जुना, हात चांगला. चूक कुठे झाली?
– एक मेंटेनन्स फिटर, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : वेल्डरला बोल लावू नका. काठ कुठला ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैज लावतो, टी-२२ कडचाच. मीही एकदा रॉडच्या ओव्हनमध्ये होतं म्हणून ३०९ वापरलं होतं. कापलेला तुकडा हातात आला तेव्हा वेल्ड जसाच्या तसा, आणि टी-२२ त्याच्यापासून सुरीने सोलल्यासारखी सुटलेली.

थंड बॉयलर ५४० ला गेला की मीटरभर टी-२२ साधारण ७ मिलिमीटर वाढते, स्टेनलेस ९ च्या पुढे. ३०९ चा वेल्डही स्टेनलेसच्याच चालीने वाढतो, म्हणजे सगळी ओढाताण त्या एका रेषेवर. बॉयलर जितक्या वेळा बंद-चालू, तितक्या वेळा. ऊस संपला की थंड, दसरा-दिवाळीला पुन्हा गरम. मधली ट्रिपिंग, म्हणजे अचानक बंद पडणं, वेगळीच. त्यात कार्बनला क्रोमियमची ओढ. टी-२२ मध्ये क्रोमियम सव्वादोन टक्के, ३०९ मध्ये तेवीसच्या आसपास. या तापमानाला कार्बन हळूहळू वेल्डकडे सरकतो आणि काठालगतची टी-२२ मऊ पडते. एक्स-रे काढला त्या दिवशी यातलं काहीच घडलेलं नसतं, मग दिसणार काय?

इथे निकेलची वायर हवी, ईआरएनआयसीआर-३. ती टी-२२ च्या जवळपासच वाढते आणि कार्बनला सहज वाट देत नाही. महाग आहे, स्टोअरवाले कुरकुरतील. टी-२२ ची बाजू १५० अंशांपर्यंत तापवा, आतून आर्गॉन वायू सोडा. निकेलचा रस जड, पाण्यासारखा पळत नाही, म्हणून बेव्हल (नळीच्या टोकाचा तासलेला उतार) जास्त उघडा ठेवा. तेल, मार्करची शाई आधी पुसा. गंधकाचा अंश राहिला तर तडा ठरलेला.

जुन्या वेल्डवर मात्र निकेल चढवू नका, मऊ पट्टा खाली तसाच राहील. दोन्हीकडून कापून नवा तुकडा घाला. बाष्पके संचालनालयाची परवानगी आणि आयबीआर (भारतीय बॉयलर नियमांनुसार पात्र) वेल्डर लागेलच. त्याच शटडाऊनमध्ये पीएमआय यंत्र (धातूत काय किती आहे ते दाखवणारं) भाड्याने आणून बाकीचे जोड तपासा. वेल्डमध्ये निकेल बारा-तेरा टक्के किंवा त्याहून कमी दाखवलं, म्हणजे तिथे निकेलची वायर नाही, की त्या नळीवर खडूने फुली मारा.