मॅच हरली की वडील दोन-दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत. यावर काही संशोधन झालंय का, आणि आम्ही काय करावं?

झालंय, ढिगानं झालंय. 'खेळात कसलं आलंय मानसशास्त्र' म्हणणारे आमच्याही घरात आहेत, म्हणून लिहायला घेतलं.

19 नोव्हेंबर 2023, भारत-ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कप फायनल. नाशिकच्या सिडकोत आमच्या दाजींच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वर्गणी काढून प्रोजेक्टर लावलेला, भाऊबीज नुकतीच झालेली, ताटल्यांत उरलासुरला चिवडा. बुमराहचा बॉल लाबुशेनच्या पॅडवर बसला, अंपायरने नॉट आउट दिलं, रिव्ह्यूत 'अंपायर्स कॉल' आला, म्हणजे इतकं काठावरचं की अंपायरचाच निर्णय कायम, आणि गडी वाचला. गच्चीवर अंपायरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. दाजी अजून म्हणतात, मॅच तिथंच गेली.

मी एवढंच विचारलं, 'मग स्मिथचं काय?' त्यालाही बुमराहनेच एलबीडब्ल्यू काढलं होतं. त्याने रिव्ह्यू घेतला नाही आणि नंतर स्क्रीनवर दिसलं की बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर पॅडला लागला होता. घेतला असता तर वाचला असता. गच्चीवर सगळ्यांनी ते बघितलं, टाळ्या देऊन हसले. आज एकालाही आठवत नाही. दाजी म्हणाले, 'तू नक्की कोणाच्या बाजूने आहेस रे?'

दाजी, हे 1954 सालीच लिहून ठेवलंय. 1951 मध्ये अमेरिकेत डार्टमथ आणि प्रिन्स्टन या कॉलेजांची अमेरिकन फुटबॉलची मॅच झाली. भरपूर राडा, प्रिन्स्टनच्या स्टारचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी नंतर दोन्हीकडच्या पोरांना मॅचची एकच फिल्म दाखवून फाउल मोजायला लावले. डार्टमथचे जेवढे फाउल त्यांच्या स्वतःच्या पोरांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनवाल्यांना दिसले. त्यात कोणी खोटं बोलत नव्हतं. हा किस्सा मी दाजींना व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहून पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनीचं 1976 चं काम याहून मजेशीर आहे. सात विद्यापीठांत पाहणी केली, तर टीम जिंकली की सोमवारी कॉलेजच्या नावाचे कपडे घालून येणारी पोरं वाढायची. दाजींचा निळा टी-शर्ट फायनलनंतर गाडी पुसायला गेला. जून 2024 मध्ये टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकल्यावर नवीन आला, तो घालून अंबडला ड्युटीवरसुद्धा गेले. असा माणूस मला क्रिकेटमधली निष्ठा शिकवतो.

तुमचे वडील या जातीचे वाटत नाहीत. डॅनियल वॅन यांनी 1993 मध्ये चाहता टीमशी किती एकरूप झालाय हे मोजायला सात प्रश्नांची मोजपट्टी केली. जो खूप एकरूप असतो, तो हरल्यावर टी-शर्ट फेकून मोकळा होत नाही. हार त्याला स्वतःची वाटते. त्यांना 'जाऊ द्या, खेळच आहे' अजिबात म्हणू नका. नेहमीच्या वेळी ताट वाढा, विषय काढू नका. अंपायरवरून तर बिलकुल नाही, तुमचं बरोबर असलं तरी.

आता हे सगळे अभ्यास तिकडचे, कॉलेजच्या पोरांवरचे आणि त्यांच्या खेळांवरचे आहेत. नाशिकच्या साठीतल्या माणसाला जसेच्या तसे लागू होतील असं नाही. पण एक गोष्ट मनावर घ्या. 2006 च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये जर्मनीची मॅच असेल त्या दिवशी म्युनिक भागात हृदयविकाराच्या इमर्जन्सी केसेस 2.66 पट झाल्या होत्या. वडिलांना बीपी असेल तर मॅचच्या दिवशी गोळी चुकू देऊ नका, आणि छातीत दुखतंय म्हणाले तर ओव्हर संपायची वाट बघू नका.