पासवर्ड बरोबर, सर्व्हरसमोर बसलं की लॉगिन होतं, मग रिमोट डेस्कटॉपनेच (दुरून सर्व्हरचा स्क्रीन वापरायची विंडोजची सोय) का होत नाही?

तुमचं वर्णन असं: नवा विंडोज सर्व्हर २०२२, त्यावर टॅली, घरून सगळे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ याच खात्याने येतात. दोनदा पासवर्ड बदलून झाला, तरी कधी लॉगिन होत नाही, कधी खातं लॉक झाल्याचा संदेश येतो, आणि थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत. मी लहान ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे पहिला संशय सांगतो: तुमचा पासवर्ड ठीक आहे, दुसरंच कोणीतरी तो चुकवतंय.

आता पासवर्डला हात लावू नका. सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिक्युरिटी, आणि ४६२५ नंबरचे इव्हेंट (फसलेल्या लॉगिनच्या नोंदी) फिल्टर करा. स्क्रीनवरचा संदेश मुद्दाम मोघम ठेवलेला असतो, खरं कारण इथे ‘सब स्टेटस’च्या कोडमध्ये असतं. कोडचा शेवट बघा. ६ए असेल तर पासवर्ड चुकला, ६४ म्हणजे त्या नावाचं खातंच नाही, ७१ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, २३४ म्हणजे खातं लॉक. (लॉगॉन टाइप १०, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, याऐवजी ३, म्हणजे नेटवर्क, दिसला तर गोंधळू नका. एनएलए, म्हणजे सेशन उघडण्याआधीच पासवर्ड तपासणारी सेटिंग, चालू असली की तसंच दिसतं.)

माझ्या अंदाजाने तुम्हाला ६ए आणि ६४ ची रांग लागलेली दिसेल, त्यात मधूनमधून २३४. खात्यांची नावं बघा: अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर, स्कॅनर... ही तुमच्या ऑफिसातली माणसं नव्हेत. राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं नेहमीचं दार) थेट सर्व्हरकडे वळवलेला असला की इंटरनेटवरचे बॉट, म्हणजे आपोआप पासवर्ड आजमावणारे प्रोग्रॅम, रात्रंदिवस दार ठोठावत बसतात.

मग सर्व्हरसमोर बसलं की का चालतं? ११ ऑक्टोबर २०२२ च्या विंडोज अपडेटपासून हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातंही लॉक होऊ शकतं, आणि ते अपडेट आधीच असलेल्या नव्या मशिनवर ही सेटिंग चालूच येते: १० चुका झाल्या की १० मिनिटं लॉक. पण हे लॉक फक्त नेटवर्कवरून येणाऱ्यांना लागतं, कन्सोलवर, म्हणजे सर्व्हरसमोर बसणाऱ्याला, नाही. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात.

लॉकआउट बंद करा, एनएलए काढा, असे सल्ले तुम्हाला मिळतील. अजिबात ऐकू नका, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा याच वाटेने घुसतं. पोर्ट ३३८९ चा ३३९० केला तर फक्त गर्दी थोडी कमी होते. राउटरवरचं ते पोर्ट फॉरवर्डिंग काढून टाका आणि घरून येणाऱ्यांना व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) द्या. प्रत्येकाचं वेगळं खातं करून ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’ गटात घाला. एकाच खात्याने दोघं आले की पहिला बाहेर फेकला जातो, ती कटकटही जाईल. मात्र एका वेळी दोघांची मुभा फक्त सर्व्हर सांभाळण्यापुरती असते; टॅलीसारख्या रोजच्या कामासाठी आरडीएसची (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) लायसन्सं घ्यावी लागतील.

एक रात्र जाऊ द्या आणि पुन्हा ४६२५ बघा. अजूनही ६ए येत असेल आणि ‘वर्कस्टेशन नेम’मध्ये तुमच्याच एखाद्या लॅपटॉपचं नाव असेल, तर बहुधा त्याच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुना पासवर्ड सेव्ह आहे. तो तिथून काढा.