शाळेतला जॅझ
प्रश्न : आमच्या प्राथमिक शाळेत जॅझ आणि कलांचा दिवस साजरा करायचा आहे, वाद्य न येणाऱ्या मुलांना त्यात कसे सामावून घ्यावे?

उत्तर : अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातल्या आफ्रिकी-अमेरिकी समाजात विसाव्या शतकाच्या आरंभी घडलेल्या या संगीताचा गाभा हाक-प्रतिसादात आणि उत्स्फूर्ततेत असल्यामुळे शिक्षकांनी टाळ्यांची लय द्यावी, वर्गाने ती परतवावी आणि मग एकेका मुलाने चार मात्रांत स्वतःची भर घालावी. जॅझ गायक आणि ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग (१९०१–१९७१) यांचे निरर्थक अक्षरांचे स्कॅट गायन ऐकवले, तर लाजरी मुलेही बहुधा खुलतील. छापील वाद्यचित्रे रंगवण्यापेक्षा (तो कंटाळाच!) ऐकू येईल तशी रेघ ओढू द्यावी. युनेस्कोने २०११ साली ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन जाहीर केला आहे; तो मुहूर्त साधता येईल.