टॉर्च लावण्याआधी

आयसीपीवर, म्हणजे टॉर्च नावाच्या नळीत पेटवलेल्या प्लाझ्माने (विद्युतभारित तप्त वायूने) नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, पहिल्यांदाच बसतोयस, तर घाई करू नको बाबा. या प्लाझ्माला इलेक्ट्रोड नसतो. तांब्याच्या कॉइलमधून बहुधा 27.12 मेगाहर्ट्झचा प्रवाह खेळतो, एका ठिणगीने इलेक्ट्रॉन सुटतात आणि आरगॉन प्लाझ्मा धरतो. इलेक्ट्रोडच नाही, म्हणून त्याचा धातू नमुन्यात उतरत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

आपल्या मराठवाड्यातलं बोअरचं पाणी मात्र जड, म्हणजे क्षारांनी भरलेलं. जालन्याकडचे नमुने ओळीने लावले, की नेब्युलायझरच्या (नमुन्याचे बारीक तुषार करणाऱ्या भागाच्या) टोकाशी पांढरे क्षार धरतात, सिग्नल हळूहळू उतरतो आणि नवा माणूस स्टँडर्डलाच (ठरावीक प्रमाणाच्या तुलनेच्या द्रावणालाच) दोष देतो. मीही दिला होता! नमुना पातळ कर, मधे 2 टक्के नायट्रिक ॲसिडने धू. काळ्या काचेतून प्लाझ्मा पिवळट-नारिंगी दिसला, तर सोडियम जास्त आहे.