वाचकांचे प्रश्न : लष्करी ट्रकच्या धडकेची भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : माझे पती सुतारकाम करतात, वय ३८. साडेचार महिन्यांपूर्वी संध्याकाळी कामावरून परतताना वळणावर लष्कराच्या एका ट्रकने त्यांच्या दुचाकीला धडक दिली. ट्रकमधील सुभेदारसाहेबांनीच त्यांना दवाखान्यात पोहोचवले. एफआयआरही नोंदला गेला. उजव्या मनगटावर दोन शस्त्रक्रिया झाल्या, तरी अजून त्यांना रंधा धरता येत नाही. ट्रकचा विमा शोधायला गेलो, तर आरटीओच्या नोंदीत तो नंबरच सापडत नाही. गावातील जाणती माणसे म्हणतात की, सैन्याविरुद्ध केस चालत नाही. युनिटची चौकशी सुरू आहे, तिचा निकाल येईपर्यंत थांबावे का? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, थांबू नका. तुमच्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट ‘साडेचार महिने’ ही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६(३) अन्वये भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याचे बंधन आले. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण त्या भरवशावर एक दिवसही घालवू नये. पोलिसांनी अपघाताचा अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अशा भरपाईचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाकडे, पाठवायचा असतो आणि तोच अर्ज म्हणून धरला जातो, अशीही तरतूद आहे. तरीही आपला स्वतंत्र अर्ज वेळेत दाखल झालेला असणे केव्हाही चांगले. युनिटची चौकशी, म्हणजे ‘कोर्ट ऑफ इन्क्वायरी’, ही लष्कराची अंतर्गत प्रक्रिया आहे. तिथे तुमच्या पतींना बोलावले तर त्यांनी जावे आणि घडले ते जसेच्या तसे सांगावे. पण तुम्हाला भरपाई ठरवून देणे हे त्या चौकशीचे काम नाही. चालकावरील फौजदारी खटला नेहमीच्या न्यायालयात चालो किंवा कोर्ट मार्शलपुढे जावो, त्यानेही तुमचा हक्क अडत नाही.

आता विम्याविषयी. सरकारी मालकीच्या आणि सरकारी कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांना कलम १४६ मध्ये विम्याच्या सक्तीतून सूट आहे, तर संरक्षण खात्याच्या वाहनांची नोंदणी कलम ६० नुसार स्वतंत्रपणे होते. म्हणूनच आरटीओकडे तो नंबर सापडला नाही. लष्करी गाडीच्या नंबरपाटीवर वरच्या दिशेने टोक असलेला एक बाण असतो, त्यानंतर वर्षाचे दोन आकडे, एक अक्षर, मग क्रमांक आणि शेवटी एक अक्षर. एफआयआर आणि पंचनाम्यात हा नंबर बाणापासून शेवटच्या अक्षरापर्यंत अचूक उतरला आहे का, ते आजच पाहा. आकडा चुकला असेल, तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या. विमा कंपनी नाही याचा अर्थ पैसे देणारे कोणी नाही असा होत नाही. मालक म्हणून भारत सरकारच थेट जबाबदार ठरते. अर्जात चालकासोबत ‘भारत सरकार, सचिव, संरक्षण मंत्रालय यांच्यामार्फत’ असा प्रतिवादी करावा. अर्ज तुम्ही राहता त्या भागातील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही करता येतो; अपघाताच्या ठिकाणीच खेटे घालावे लागतील असे नाही.

‘सैन्याविरुद्ध केस चालत नाही’ ही समजूत मात्र मुळापासून तपासायला हवी, कारण तिच्यामुळे कितीतरी कुटुंबे न्यायालयाची पायरीच चढत नाहीत. शासनाच्या सार्वभौम कृत्यासाठी, म्हणजे जे काम फक्त शासनच करू शकते त्यासाठी, भरपाई मागता येत नाही, हा जुना सिद्धांत तिच्या मुळाशी आहे. पण रस्त्यावरून मालाची ने-आण करणे हे सार्वभौम कृत्य नव्हे, असे न्यायालये साठ वर्षांपासून सांगत आली आहेत. उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीनंतर परत आणताना झालेल्या अपघातासाठी राज्य सरकार जबाबदार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये विद्यावती खटल्यात ठरवले. त्याच सुमारास शिमल्यात कोळसा वाहणाऱ्या लष्करी ट्रकच्या प्रकरणी पंजाब उच्च न्यायालयाने, तर पुढे हॉकीचा संघ नेणाऱ्या हवाई दलाच्या गाडीच्या प्रकरणी दिल्ली उच्च न्यायालयाने केंद्र सरकारलाच जबाबदार धरले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयासमोरचे प्रकरण तर अधिक बोलके आहे. लष्करी कार्यशाळेतून तोफखाना शाळेकडे यंत्र घेऊन निघालेल्या ट्रकच्या त्या अपघातातही सरकारचा बचाव टिकला नाही, कारण असे यंत्र कोणताही खासगी वाहतूकदार नेऊ शकला असता. उलट निकालही आहेत. लष्करी पोलिसांच्या तपासणीच्या कामावरील गाडीबाबत एका उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने (अनेक न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने) सरकारची बाजू उचलून धरली होती. त्यामुळे तुमचा ट्रक त्या दिवशी कोणत्या कामावर होता, हे वकिलांनी रेकॉर्डवर आणणे महत्त्वाचे आहे.

भरपाईचा आकडा कसा ठरतो, तेही समजून घ्या. डॉक्टर प्रमाणपत्रावर अपंगत्वाचा टक्का लिहितात, पण न्यायालय पाहते ते कमाईची ताकद किती गेली ते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमके सुताराचेच उदाहरण दिले आहे : हात गेला तर चालकाची किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, कारकुनाची तशी बुडत नाही. समजा, तुमच्या पतींची कमाई महिना १८,००० रुपये सिद्ध झाली. वर्षाचे २,१६,००० रुपये होतात. चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारासाठी त्यात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवले, की ३,०२,४०० रुपये. आणि ३६ ते ४० वयोगटाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा, १५. कमाईतील तोटा २० टक्के धरला तर ९,०७,२०० रुपये येतात, ६० टक्के धरला तर २७,२१,६००. उपचारखर्च, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, पुढील शस्त्रक्रिया आणि वेदनांची भरपाई याखेरीज. दोन आकड्यांतील हे अंतर पाहिले, म्हणजे त्या मनगटाने रंधा, पटाशी, करवत यांपैकी काय काय धरता येत नाही, हे डॉक्टरांनी न्यायालयात येऊन सांगणे का आवश्यक आहे, हे लक्षात येईल. ज्यांच्याकडे ते काम करत होते, त्या घरमालकांच्या आणि ठेकेदारांच्या साक्षी, बँकेचे पासबुक, औषधांची प्रत्येक पावती जपून ठेवा.

युनिटकडून कोणी माणुसकीने मदत देऊ केली, तर ती स्वीकारण्यात गैर नाही; मात्र ‘आमची काही तक्रार नाही’ अशा मजकुराच्या कागदावर सही करू नये. ज्या सुभेदारसाहेबांनी तुमच्या पतींना दवाखान्यात नेले, त्यांच्याविषयी तुमच्या मनात कृतज्ञता आहे, ती पत्रातून दिसते आणि ती योग्यच आहे; तुमचा दावा त्यांच्या गणवेशाविरुद्ध नाही. वकिलांचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा. अर्जदार अपंग व्यक्ती असेल, तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

प्रश्न : लष्करी ताफ्यातील एका गाडीने माझ्या चुलत्यांना धक्का दिला, त्यांचा पाय मोडला. गाड्या सारख्याच असल्याने नंबर कोणालाच टिपता आला नाही. काय करता येईल? (एक वाचक)

उत्तर : तारीख, वेळ आणि ताफ्याची दिशा ही माहिती एफआयआरमध्ये स्पष्ट नोंदवून घ्या आणि ताफा कोणत्या युनिटचा होता, हे लष्करी ठाण्याकडून लेखी मागवण्याची विनंती पोलिसांना करा. टोलनाक्यावरचे आणि पेट्रोल पंपावरचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्याआधी जप्त करायला सांगा. गाडी शेवटपर्यंत सापडलीच नाही, तर अज्ञात वाहनाच्या धडकेसाठीच्या २०२२ च्या योजनेतून गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये मिळतात. गाडी सापडली, तर कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मागता येतात. त्यामुळे आधी गाडीचा शोध लागेल, हे पाहा.