फ्लॅटमध्ये ट्यूब अॅम्प?

प्रश्न : फ्लॅटमध्ये गिटार वाजवायला ट्यूब अॅम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अॅम्प्लिफायर) घ्यावा की डिजिटल मॉडेलर (अॅम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र)? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : फ्लॅट म्हणालात तिथेच निकाल लागला! फेंडर डिलक्स रिव्हर्ब या ट्यूब अॅम्पचे 22 वॅट कागदावर किरकोळ वाटतात. पण त्यातल्या 6व्ही6 ट्यूब रंगात येतात त्या आवाज चढवल्यावर, आणि तोवर शेजारी दारात उभे. मॉडेलर तोच बाज हेडफोनवर देतो. फक्त त्यातली स्पीकर कॅबिनेटची नक्कल, म्हणजे ‘कॅब आयआर’, चालू ठेवा. नाहीतर डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाडलेला आवाज, माशी घोंगावल्यासारखं कर्कश लागतं. बोटांखाली मात्र मला अजून ट्यूबच आवडते : तार जोरात छेडली की आवाज किंचित दबतो, मग फुलतो. ती हौस तालमीच्या खोलीत भागवा. आणि हो, स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अॅम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.