२०१९ च्या स्विफ्टमध्ये अँप आणि सबवूफर बसवायचा आहे. २५ हजारांत काय घ्यावं?

बास ट्यूब, म्हणजे नळकांड्यात बसवलेला सबवूफर, घेऊ नका. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की गाडी स्विफ्ट व्हीएक्सआय पेट्रोल आहे, स्टिअरिंगवरची बटणं चालू राहावीत म्हणून स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचाय, आणि दुकानदार '५००० वॉटचा' अँप (अँप्लिफायर), १२ इंची बास ट्यूब आणि मागे दोन ओव्हल स्पीकर असं पॅकेज २५ हजारांत देतोय. मी या धंद्यातला नाही. हौस मात्र जुनी आहे, आणि पुण्यातल्या आमच्या मित्रमंडळात कुणाच्या गाडीचं डोअर पॅड उघडायचं असलं की मलाच बोलावतात.

आधी तो ५००० चा आकडा बघू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट असतात. ५००० वॉट काढायचे तर, अँपमधला तोटा शून्य धरला तरी, साडेतीनशे अँपिअर लागतील. लहान पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर सहसा शंभर अँपिअरसुद्धा देत नाही, आणि त्यावर हेडलाइट, एसी, पंखा सगळंच चालायचं असतं. दुकानात उभ्या उभ्या करायची परीक्षा सांगतो: अँपच्या कडेला खोचलेले फ्यूज वाचा. ३० अँपिअरचे दोन असतील तर ६० गुणिले १४, म्हणजे ८४० वॉट आत जातात. क्लास एबी जातीचा अँप त्यातले निम्म्याच्या थोडे वर बाहेर देतो, क्लास डी जातीचा ८० टक्क्यांच्या आसपास. उरलेलं सगळं उष्णतेत जातं. दोन फ्यूज मिळून ४० अँपिअर असलेल्या डब्यावर ५००० लिहिलं असेल तर तो आकडा छापणाऱ्याच्या कल्पनाशक्तीचा आहे. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारे वॉट, तोही किती ओहमच्या (स्पीकरच्या रोधाच्या) हिशोबाने दिलाय ते पाहून.

हाच हिशोब बाजारातल्या स्टिरिओंवरच्या '५० गुणिले ४' लाही (चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॉट) लावा. १४.४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला आतला छोटा अँप कागदावर जास्तीत जास्त २६ वॉट देऊ शकतो, प्रत्यक्षात स्वच्छ १५ ते २०. त्यापुढे आवाज वाढवला की तो फाटतो. तुमच्या गाडीत मोठ्या आवाजाला जे कर्कश वाटतं त्यात स्पीकरचा दोष असतो तेवढाच या फाटण्याचाही असतो. म्हणून अँप हवा, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. फक्त तो आधी पुढच्या स्पीकरांसाठी हवा.

मी तुमच्या जागी असतो तर एकच चार चॅनलचा अँप घेतला असता, ४ ओहमला दर चॅनल ५० ते ७५ वॉट आरएमएस. दोन चॅनल पुढच्या दारातल्या साडेसहा इंची कंपोनंट (वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेल्या) स्पीकरना. उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, एका १० इंची सबला. मागचे कंपनीचे स्पीकर स्टिरिओवरच राहू द्या आणि फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारं सेटिंग) थोडा पुढे सरकवा. ओव्हल नकोतच. त्यांच्यासाठी डिकीवरचा ट्रे कापावा लागतो, आणि गाणारा माणूस तुमच्या मानेमागून गाणार. आपण मैफलीला स्टेजकडे पाठ करून बसत नाही.

आता ज्या गोष्टीवर कुठलाही दुकानदार आपणहून बोलत नाही ती: दार. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा तेवढीच हवा मागे दारात ढकलतो. दाराचा पत्रा पातळ, त्यात हाताएवढी मोठी भोकं, त्यावर प्लॅस्टिकचा कागद. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की खालचे सूर तिथेच मरतात, उरलेल्या आवाजावर पत्रा थरथरतो. बाहेरच्या पत्र्याला आतून आणि आतल्या भोकांवर ब्युटाइलची (एका जातीच्या रबराची) थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट लावली की तोच जुना स्पीकर वेगळा वाटायला लागतो. हे मी अतिशयोक्तीने सांगत नाहीये. एका दाराला लावून दुसऱ्याशी ताडून पाहा. दार बंद करतानाचा 'धप्प' आवाजच बदलतो.

दोन पथ्यं मात्र पाळा. शीट ब्युटाइलचीच हवी. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा डांबराची असते, छपराच्या गळतीला लावतात ती. ती उन्हात वितळून खाली ओघळते आणि गाडीभर डांबराचा वास सुटतो. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत तर बघायलाच नको. दुसरं, दाराच्या तळाशी पाणी जायची छोटी भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. पावसाळ्यात काचेवरचं पाणी दाराच्या आतूनच खाली उतरतं. कोकणातल्या पावसात ती भोकं बंद राहिली तर दोन-तीन पावसाळ्यांत दाराचा तळ गंजतो.

मग ट्यूब का नको आणि सब बसवायला बंद खोकं का हवं? ५० हर्ट्झच्या सुराची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर असते. तुमच्या गाडीची केबिन आतून अडीच-तीन मीटर. ज्या सुराची अर्धी लांबीसुद्धा केबिनमध्ये मावत नाही, म्हणजे साधारण ६० ते ७० हर्ट्झच्या खालचे सगळे, त्यांच्यासाठी केबिन खोली राहत नाही, हवेची बंद पेटी होते. सब सगळ्या हवेवर एकदम दाब टाकतो आणि जसजसं खाली जावं तसा आवाज आपोआप वाढत जातो. बंद खोक्यातला सब खाली जाताना हळूहळू कमी होत जातो. एकाची चढण आणि दुसऱ्याची उतरण एकमेकींना बऱ्यापैकी सांभाळून घेतात, म्हणून हॅचबॅकमध्ये छोटं बंद खोकंसुद्धा पोटात जाणवेल इतकं खाली उतरतं. स्वस्त ट्यूबमधलं पोर्ट, म्हणजे हवा जायचं-यायचं उघडं तोंड, सहसा एकाच ठिकाणी फुगवटा आणतं आणि त्यावर केबिनची वाढ चढते. परिणाम असा की कुठलंही गाणं लावा, 'ढुम' एकच. बास गिटारची जाड तार ४१ हर्ट्झला वाजते, त्यावरच्या पट्ट्या एकेक पायरी वर. चांगल्या सबवर त्या पायऱ्या मोजता आल्या पाहिजेत. अभंग ऐकत असाल तर पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू ऐका. घुमारा सुरू कुठे होतो आणि थांबतो कुठे, हे कळलं पाहिजे.

१० इंची सबला १८ मिलिमीटर एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचं) बंद खोकं साधारण २० ते २५ लिटर पुरतं. नेमका आकडा सबच्या कागदावर असतो. तुमची डिकी २६८ लिटरची आहे. म्हणजे गणपतीला गावी जाताना बॅगा राहतील, आणि जोडणी कपलरने (काढता-घालता येणाऱ्या प्लगने) केलीत तर खोकं घरीही ठेवता येईल. पुण्यात टिंबर मार्केटमध्ये एमडीएफ मापात कापून मिळतं. आतून सगळे सांधे डिंक आणि सिलिकॉनने बंद करा. हवा गळली तर बंद खोक्याला अर्थ नाही. सब घेताना कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) बघा. ब्रिज केलेले चॅनल बहुतेक अँपमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. म्हणून एकच ४ ओहमची कॉइल, किंवा २-२ ओहमच्या दोन कॉइल सिरीजमध्ये. ४-४ च्या दोन कॉइल पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात आणि अँप प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प बसतो. नशीब चांगलं असेल तर.

वायरिंगवर मात्र काटकसर नको, कारण आवाज खराब झाला तर मन खट्टू होतं, वायर तापली तर गाडी पेटते. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून अँपपर्यंत स्वतंत्र वायर, आणि त्यावर बॅटरीपासून वीतभर-हातभर अंतरावर, ४५ सेंटिमीटरच्या आत, मुख्य फ्यूज. हा फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. वाटेत कुठे पत्र्याला घासून ती उघडी पडली तर बॅटरीची सगळी ताकद तिच्यातून वाहणार. बोनेटमधून आत येताना भोकाला रबरी ग्रोमेट लागतोच. अँपचे फ्यूज ६० अँपिअरचे असतील तर ४ गेजची वायर, ३० च्या आसपास असतील तर ८ गेज चालते. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड, इथे लोक उलटं समजतात.

आणि वायर तांब्याची आहे का ते बघा. बाजारातल्या बऱ्याच किटमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार काढून ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. ती वाईटच असं नाही, पण तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो, म्हणून दोन गेज जाड घ्यावी लागते. किटवरचं नाव न बघता मी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मीटरवर मिळणारी तांब्याची वायर, थिंबल आणि फ्यूज होल्डर सुटे घेणं पसंत करतो. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड.

अर्थची वायरही तेवढीच जाड, आखूड, आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट बोल्टने. मागच्या सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी वापरू देऊ नका, कारागिरांना तो फार सोयीचा वाटतो. तो बोल्ट माणसाला धरून ठेवायला आहे. इंजिनच्या वेगाबरोबर वरखाली होणारी शिट्टी ऐकू आली तर दहातल्या नऊ वेळा गुन्हेगार हा अर्थच असतो. सिग्नलची वायर गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने न्या.

तुमच्या कंपनीच्या स्टिरिओला आरसीए आउटपुट (अँपला सिग्नल द्यायचं वेगळं सॉकेट) नाही. म्हणून हाय लेव्हल इनपुट असलेला अँप घ्या. तो सिग्नल स्पीकरच्या वायरमधून घेतो, आणि बरेचसे सिग्नल आला की आपोआप चालूही होतात. कंपनीची वायर कापू नका. मारुतीचे कपलर सुटे मिळतात, ते मध्ये जोडले की पुढे गाडी विकताना त्रास नाही.

बसवून झालं की खरं काम सुरू होतं आणि नेमकं तेव्हाच दुकानदाराला पुढचं गिऱ्हाईक दिसतं. ट्यूनिंग स्वतः करा. पुढच्या चॅनलना हाय पास ८० हर्ट्झ (त्याखालचे सूर अडवतो), सबला लो पास ८० हर्ट्झ (त्यावरचे अडवतो). पुढच्या छोट्या कोनांवरचं ओझं उतरलं की बोल एकदम मोकळे होतात. बास बूस्टचं बटण शून्यावर ठेवा आणि विसरून जा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. आत येणारा सिग्नल केवढा आहे ते अँपला सांगण्यासाठी तो असतो. स्टिरिओचे बास-ट्रेबल मध्यावर, आवाज पाऊण, स्पीकर आणि सब सुटे केलेले, आणि पेनड्राइव्हवरून पूर्ण पातळीचा टोन: सबला ५० हर्ट्झ, पुढच्या चॅनलना १००० हर्ट्झ. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावून अँपच्या आउटपुटला धरा. किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ६० वॉट आणि ४ ओहमला साडेपंधरा. ब्रिज केलेल्या १८० वॉटला २७ च्या जरा खाली. तिथे गेन थांबवायचा. मग कानाला सब जास्त वाटला तर खाली आणा, वर नेऊ नका.

शेवटचं बटण फेजचं, म्हणजे सबचा कोन पुढच्या स्पीकरांबरोबर हलतो की उलटा ते ठरवणारं. ड्रायव्हरच्या जागी बसून ० आणि १८० दोन्ही करून बघा. ज्यात बास जास्त भरीव आणि डिकीऐवजी डॅशबोर्डातून येतोय असं वाटेल ते खरं. दोन्हीत पोकळ वाटला तर एखाद्या पुढच्या स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झालेत. अँपची जोडणी काढून स्पीकरच्या वायरींना पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो.

पैशांचं म्हणाल तर ढोबळ वाटणी अशी: पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग ३ हजार, कंपोनंट ५-६, अँप ७-८, वायरिंग अडीच, सब आणि खोकं ५, शिवाय मजुरी दोनेक हजार. भाव शहराप्रमाणे हलतील, पण एकदम सगळं जमत नसेल तर याच क्रमाने करा, सब सगळ्यात शेवटी. पुढेमागे सीएनजी बसवायचा विचार असेल तर खोक्याच्या भानगडीत पडूच नका, डिकी टाकीच जाणार. सीटखाली मावणारा ८ इंची ॲक्टिव्ह (अँप आतच असलेला) सब घ्या. तो तितका खाली जात नाही, पण रोजच्या ऐकण्याला पुरतो. मग अँपही दोनच चॅनलचा पुरेल.

आणि गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून लावणार असाल तर बॅटरीवर लिहिलेला आकडा बघा. लहान पेट्रोल मारुतींमध्ये तो बहुधा ३५ अँपिअर-तास असतो. अँपने सरासरी १५ अँपिअर ओढले तरी तासाभरात स्टार्टर कुरकुरायला लागेल. रात्री १० नंतर सोसायटीत लावणार असाल तर बॅटरीआधी शेजारी येतील, आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे.